डोंगरापलीकडचा पाऊस

कलकत्त्यात, बेहाल्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छातिमचं झाड आहे. आई त्याला सातवीण म्हणते. वर्षभर त्याच्याकडे कुणी बघत नाही. फुलवाला त्याला सायकल टेकवतो, रिक्षावाले त्याच्या सावलीत डुलक्या घेतात. पण दुर्गापूजा संपते, मांडवांचे बांबू उतरून हातगाड्यांवर चढतात, आणि एका संध्याकाळी मेट्रोचा जिना उतरताना तो वास अचानक अंगावर येतो. गोड, जड, थोडासा डोकं धरायला लावणारा. शेजारच्या काकीमांना त्याने दरवर्षी अर्धशिशी होते. मला दरवर्षी एक झोरा आठवतो.

झोरा म्हणजे डोंगरातला ओढा. कालिम्पोंगकडच्या डोंगरांत प्रत्येक घळीला एक झोरा असतो, आणि बहुतेकांना नावं नसतात. आमच्यालाही नव्हतं. नकाशावर ती एक निळी, केसासारखी रेघ होती, मध्येच तुटलेली. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही काही मुली आणि आमच्या मॅडम पूजेनंतर तिथे जाऊन राहिलो. त्या रेघेला पाणी कुठून कुठून मिळतं ते चालून बघायचं आणि तिचं सगळं पाणलोट क्षेत्र कागदावर उतरवायचं, एवढंच काम. कोजागिरी नुकतीच झाली होती. परतलो ते भाऊबीज करून.

त्यापूर्वी मी उतार असा कधी पाहिलाच नव्हता. बाबांच्या बँकेच्या बदलीने आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा मी अगदी लहान होते, त्यामुळे माझी जमीन म्हणजे बेहाल्याची जमीन. इथे पावसाळ्यात पाणी कुठे जायचं ते ठरवत नाही. ते थांबतं. औषधाच्या दुकानाच्या पायरीशी, शाळेच्या फाटकात, आमच्या जिन्याखाली ते दोन दोन दिवस विचार करत उभं असतं. मीही साधारण तशीच वाढले. वर्गात प्रश्न यायचा, उत्तर माहीत असायचं, आणि मी बाकाशी थांबून राहायची. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खाली दुकानात बंगाली. तिन्हीकडे माझ्या आधी कुणीतरी बोलून टाकायचं. मॅडम म्हणायच्या, "तुमि एतो चुप केनो?" तू एवढी गप्प का, या प्रश्नाला गप्प राहण्याखेरीज काय उत्तर देणार?

डोंगरात मात्र सगळंच कुठेतरी निघालेलं असतं. दगड, माती, पानं, वाट. पहिल्या सकाळी बाकीच्या मुली बर्फाचं शिखर बघायला अंगणाच्या टोकाला धावल्या. मी खाली बघत उभी राहिले, कारण पाय सरकत होते.

आम्ही झोरा खालून वर चालत गेलो. खाली तो तिस्तेला मिळतो तिथे त्याला काही किंमत नाही. मोठ्या धोंड्यांच्या आडून येऊन तो हिरव्या पाण्यात शिरतो आणि शिरल्याचं कळतही नाही. थोडं वर गेलं की तो दिसेनासा होतो. दगडांच्या राशीखाली त्याचा नुसता आवाज चालतो, शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं तसा. मग बांबूचा साकव लागतो. त्याच्यावर वेलदोड्याचं रान. उंच उतिसच्या झाडांखाली माणसाएवढी पानं, ओल, जळवा, आणि वाकून बुंध्याशी तोडणी करणाऱ्या बायका. भट्टीत वेलदोडे सुकत असायचे. तो धूर आमच्या केसांत, स्वेटरात, वहीच्या पानांत जाऊन बसला. घरी आल्यावर आईने बॅग उघडली आणि म्हणाली, "अगं, बिर्याणी करून आलीस का?"

अजून वर झोरा दोन फाट्यांत सुटतो. उजवा फाटा पावसाळ्यापुरता. डावा एका उतिसच्या मुळांखाली जाऊन संपतो. म्हणजे तिथून सुरू होतो. राखाडी, चकाकणाऱ्या दगडाच्या दोन थरांमधून हाताच्या बोटाएवढं पाणी बाहेर येतं. त्याला बांबूची पन्हळ लावलेली. ही धारा. वस्तीतली सगळी घरं हिच्यावर. पन्हळीच्या खाली काळ्या पाइपांची गुंतवळ होती, प्रत्येक घराचा एक पाइप, आणि कुणाचा कुठला हे त्यांनाच माहीत.

मी ज्यांच्या घरी उतरले होते त्या मनमाया दीदी. नवरा सिलिगुडीला गाडी चालवायचा, महिन्यातून एकदा यायचा. घरात दीदी, एक म्हैस आणि मी. दीदी माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. त्याही फारशा बोलायच्या नाहीत, त्यामुळे आमचं छान चाललं. हिंदीत दोघी सारख्याच चुकायचो. सकाळी त्या चहा ठेवायच्या, मी मोरीवरची भांडी घासायला बसायची. त्यांनी एकदाच म्हटलं, "पाहुण्यांनी भांडी घासायची नसतात." मी म्हटलं, "मग पाहुण्यांनी काय करायचं?" त्यांनी विचार केला आणि राख पुढे सरकवली.

पाणी जपून वापरायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, म्हशीच्या बादलीचं उरलेलं मिरच्यांना. मी म्हटलं, आत्ता तर भरपूर आहे. तेव्हा त्यांनी सांगितलं. आत्ता बोटाएवढी दिसणारी धारा चैत्रात सुतळीएवढी होते. गेल्या चैत्रात ती नुसतीच थेंब थेंब होती. बायका आळीपाळीने रात्र रात्र तिथे बसल्या. त्याआधी कुणी साहेब लोक आले होते, त्यांनी धारेच्या बरोब्बर वर, वस्तीच्याच उतारावर चर खणून दिले होते, पावसाचं पाणी मुरावं म्हणून. सगळ्या गावाने खपून खणले. दोन पावसाळे गेले. धारेला काही फरक नाही.

"या चैत्रात पण तसंच झालं तर मी जाणार," दीदी म्हणाल्या. "सिलिगुडीला. ते म्हणतात एक खोली मिळेल. म्हैस विकायची, कुलूप लावायचं."

"तुम्हाला जायचंय?"

दीदी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्या म्हशीचं नाव रानी, आणि ती लग्नात माहेराहून आली होती.

मग मॅडमनी धारेपाशी तो थरांचा दगड बघितला. होकायंत्र थराला लावून, डोळे बारीक करून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी माथ्यापर्यंत चढून पलीकडे उतरल्या आणि तिथला दगडही तसाच बघितला. संध्याकाळी दीदींच्या चुलीपाशी बसून त्यांनी आम्हाला इंग्रजीत समजावलं. मी नकाशावर काढलेली पाणलोटाची सीमा बरोबर होती, डोंगराच्या माथ्यावरून गेलेली. पाऊस माथ्याच्या अलीकडे पडला तर अलीकडे वाहतो, पलीकडे पडला तर पलीकडे. पण ते वाहणारं पाणी. मुरणाऱ्या पाण्याला माथा माहीत नसतो. ते थरांच्या कलाने जातं, आणि इथले थर माथ्याच्या आरपार आमच्या बाजूला कललेले होते. धारेत येणारा पाऊस अलीकडे पडतच नव्हता.

मुली माना डोलावत लिहून घेत होत्या. दीदी पोळपाटापाशी बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या धारेबद्दल चाललं होतं आणि त्यांना एक शब्द कळत नव्हता. कुणीतरी सांगायला हवं होतं. मी वाट बघितली. या वेळी मात्र माझ्या आधी कुणी बोललं नाही.

मग मी उठून धुतलेल्या ताटल्यांची चळत उचलली. मोरीच्या कट्ट्यावर ठेवली, आणि एका अंगाला खाली चुलीशेजारचं लाकूड सरकवलं, तशी चळत तिरकी झाली. लोटाभर पाणी वरच्या ताटलीवर ओतलं. ते घसरून गेलं. "हे तुमचे चर," मी म्हटलं. मग दुसरा लोटा उचललेल्या बाजूला, कडांवर ओतला. पाणी ताटल्यांच्या फटींत शिरलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग खालच्या बाजूने, प्रत्येक फटीतून, टपटप सुरू झाली.

दीदींनी ताटल्यांकडे पाहिलं, मग भिंतीकडे, म्हणजे भिंतीपलीकडच्या डोंगराकडे. उचललेल्या कडांवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे माझं माइती आहे."

माइती म्हणजे माहेर. ते गाव माथ्याच्या पलीकडे होतं.

आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी वर गेलो. माथ्याला तिथे पानीढलो म्हणतात, जिथून पाणी कलतं ती जागा. वर वारा होता, आणि दोन्हीकडे बघता येत होतं. अलीकडे आमचा झोरा, वेलदोड्याचं काळपट रान, दीदींचं पत्र्याचं छप्पर. पलीकडे उतारभर अम्लिसोचं गवत. त्याचे तुरे वाळवून झाडू करतात. बेहाल्यात आमच्या दाराआड टांगलेला फुलझाडू त्याच गवताचा असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्या गवताखाली दगडाच्या कडा बाहेर डोकावत होत्या, चळतीसारख्या. आणि खाली दीदींच्या भावाचं घर, अंगणात वाळत घातलेलं काहीतरी लाल.

"ते गवत दाइचं, माझ्या थोरल्या भावाचं," दीदी म्हणाल्या. "वर्षाचा पैसा त्यातूनच. तिथे चर खणायचे म्हणजे निम्मं गवत जाणार."

"विचारून बघा ना."

"माइतीकडे मागत नाहीत. देतील ते घ्यायचं."

मला वाटलं, हे वाक्य मी मराठीत ऐकलंय. माझी आई अमरावतीची. दर भाऊबिजेला तिचा धाकटा भाऊ, माझा सुधीरमामा, फोन करून विचारतो, "ताई, काय पाठवू?" आणि आई दरवर्षी म्हणते, "मला रे काय कमी आहे? तू सुखी राहा." फोन ठेवून ती उगाच ओटा पुसते. मी हे दीदींना सांगितलं. एवढं सलग मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. मला भाऊ नाही, म्हणून मी दरवर्षी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते, तेही सांगितलं.

"चंद्र काय देतो?" दीदींनी विचारलं.

"काही नाही. त्याच्याकडे कोण मागतं?"

त्या हसल्या. उतरताना त्यांनी माझा हात धरला होता. मी सरकत होते म्हणून असेल.

त्यांच्याकडे भाऊबिजेला भाइटीका म्हणतात. आदल्या दिवशी आम्ही जांभळ्या मखमलीच्या फुलांची माळ ओवली. ती फुलं सुकली तरी रंग सोडत नाहीत. दाइ सकाळीच पानीढलो ओलांडून आले. धनबहादुर नाव, बुटके, मोठा आवाज, डोक्यावर टोपी जरा तिरकी. आल्या आल्या रानीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ही तर बारीक झाली. बहिणीला दिली की म्हैस वाळते आणि बहीण जाड होते, असं कसं?"

"बहीण पण वाळलीय. तुला दिसते फक्त म्हैस," दीदी म्हणाल्या.

विधी सुंदर होता. भाऊ बसतो, बहीण दूर्वांनी तेल आणि पाणी शिंपत त्याच्याभोवती फिरते, म्हणजे त्या रिंगणात संकट शिरू नये. मग उंबऱ्यावर अक्रोड फोडायचा. दीदींनी दगड उचलून एका घावात फोडला. कपाळावर सात रंगांचा टिळा, एकाखाली एक. मग त्या मला म्हणाल्या, "आता तू." मी मागे सरकले. दाइ म्हणाले, "अगं, ये. चंद्र गप्प बसतो, मी तरी दोन शब्द बोलेन." म्हणजे दीदींनी सगळं सांगितलं होतं. मी लावलेला पिवळा रंग त्यांच्या भुवईवर ओघळला आणि पूर्ण दिवस तसाच राहिला.

मग दाइंनी खिशातून लिफाफा काढला.

"तो राहू दे," दीदी म्हणाल्या. आवाज इतका लहान होता की मला वाटलं मीच बोलले. "मला गवताचा वरचा पट्टा दे. पानीढलोच्या खालचा. चर खणायला."

दाइंचा हात तसाच राहिला. चुलीत लाकूड तडकलं.

"लग्नात म्हैस दिली ती पुरली नाही?" ते म्हणाले. हसत होते, पण टोपी सरळ केली.

"म्हैस पाणी पिते, दाइ."

"तुमच्या गावात खणले होते की चर. बक्कळ."

"चुकीच्या बाजूला. आमच्या धारेत तुमच्या बाजूचा पाऊस येतो."

"कोण म्हणतं?"

दीदींनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि ताटल्या आणल्या. लाकूड सरकवलं, पाणी ओतलं. या वेळी बोलायची गरज पडली नाही. दीदीच बोलत होत्या. ही आमची बाजू, ही तुमची, इथे तुझं गवत, इथे माझी पन्हळ. दाइ टपटप थांबेपर्यंत वाकून बघत राहिले. मग लिफाफा परत खिशात घालून म्हणाले, "बघतो," आणि तांदळाची तळलेली गोड सेलरोटी खायला बसले. निघतानाही त्यावर शब्द काढला नाही.

ती संध्याकाळ लांबली. मी सवयीने अंगणात जाऊन चंद्र शोधला. दुजेची कोर सूर्याच्या मागोमाग मावळते आणि पश्चिमेला आमचा डोंगर होता. त्याच्या पलीकडे कुठेतरी ती असणार. दीदी दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मागायला नको होतं." मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. गप्प राहण्याचा तेवढा एक उपयोग मला करता येतो.

आम्ही निघायच्या दिवशी सकाळी वरून आवाज येत होता. खण्, मग थोडा वेळ काही नाही, मग खण्. दीदी हातातली बादली तशीच ठेवून चढायला लागल्या. मी मागे. पानीढलोवर पोचलो तर खाली दाइ टोपी दगडावर ठेवून कुदळ चालवत होते, एकटेच. गवताचा पट्टा कापून बाजूला रचून ठेवला होता. आम्हाला बघून म्हणाले, "वरून बघत काय उभ्या राहिलात? तुमच्या गावाच्या माणसांना पाठव खणायला. पण ओळ मी आखणार. त्यांचे चर बघितलेत मी, म्हशीच्या मुतासारखे वाकडे."

दीदी हसायला लागल्या आणि हसता हसता खाली बसल्या. मी त्या दोघांकडे बघत राहिले. माझ्या नकाशात तिथे एक जाड तुटक रेघ होती, क्षेत्राची हद्द. मी ती पुसली नाही, ती खरीच आहे. तिच्यावरून पलीकडे जाणारा एक बारीक बाण तेवढा काढला.

पुढच्या चैत्रात काही फार बदललं नाही. दीदींनी कळवलं, सुतळीएवढी आहे, तुटली नाही. कुलूप नको, अजून एक पाऊस बघते. पाण्याला डोंगर ओलांडायला वेळ लागतो. नकाशांचं काम करणाऱ्या एका कचेरीत मी लागले. एस्प्लनेडला जाते, दिवसभर पडद्यावर दुसऱ्यांचे डोंगर बघते. मीटिंगमध्ये अजूनही शेवटी बोलते, पण बोलते. कुणी विचारलं, हे कुठे शिकलीस, तर मोरीवर, असं उत्तर देता येत नाही.

तो झोरा आमच्या हुगळीत येत नाही. तिस्ता दुसऱ्या देशात जाते, तिथल्या मोठ्या नदीला मिळते आणि तिकडूनच समुद्रात. त्याचा थेंबही कलकत्त्याच्या वाट्याला येत नाही, हे मला माहीत आहे. तरी त्याचं माझ्याकडे बरंच काही आहे.

या वर्षी चैत्रात, ऐन कोरड्या दिवसांत, दीदींचा व्हिडिओ आला. त्यात माणूस नाही. बांबूची पन्हळ, खाली पितळी गागर आणि अंगठ्याएवढं जाड पाणी. गागर भरते, ओसंडते, शेवटी कडेने एक काळं तोंड आत येतं आणि प्यायला लागतं. रानी. मी तो बाहेरच्या खोलीत पुन्हा पुन्हा लावत होते, तर स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अगं, नळ उघडा राहिलाय वाटतं. टाकी रिकामी होईल."

"नळ नाही गं. धारा."

आई हात पुसत आली. पूर्ण बघितलं. तिने ती गोष्ट माझ्याकडून अनेकदा ऐकली आहे, आणि दरवेळी एकाच ठिकाणी थांबवून विचारते, "मग तिने सरळ मागितलं?" त्या दिवशी तिने विचारलं नाही. म्हणाली, "परत लाव."

परवा सुधीरमामाचा फोन आला. छातिम नुकताच फुलला होता, खिडक्या उघड्या होत्या. फोन स्पीकरवर होता, आईचे हात पिठात.

"ताई, भाऊबिजेला काय पाठवू यंदा?"

मला वाटलं आता ते नेहमीचं वाक्य येईल. आई कणकेकडे बघत होती.

"काही पाठवू नको," ती म्हणाली. "तू ये."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? कलकत्त्याला. आम्हाला इथं येऊन किती वर्षं झाली, तू एकदा घर नाही पाहिलंस माझं." माहेरशी बोलताना आईची भाषा आपोआप अमरावतीची होते. "बडनेऱ्याहून गाडी थेट हावड्याला येते. काहून नाही येत?"

मला दीदींच्या चुलीतलं लाकूड तडकल्याचं ऐकू आलं.

"बघतो," मामा म्हणाला.

आईने फोन बंद केला नाही, कारण हात पिठाचे होते. मी केला. ती कणीक मळत राहिली. ओटा पुसला नाही. मग म्हणाली, "माळ्यावरची गादी काढ गं. उन्हात टाकायला हवी, दमट झाली असेल."

ती गादी आज सकाळपासून गच्चीवर आहे. दुपारी उलटी करायला गेले तर तिच्यावर छातिमची फुलं पडली होती, बारीक, हिरवट पांढरी. मी ती झटकली नाही. मामाचं तिकीट निघाल्याचं अजून काही कळलेलं नाही.